कार्ब्स सोडा आणि हवं तेवढं खा? एवढं सोपं नाहीये ते

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. म्हणे कॅलरी वगैरे सगळं थोतांड, चरबी फक्त कार्ब्समुळे (भात, पोळी, साखर वगैरेंमुळे) वाढते कारण त्याने इन्सुलिन वाढतं, तर कार्ब्स बंद करा, बटर-चीज-मांस हवं तेवढं हाणा, आठवड्यात तीन किलो चरबी जाईल आणि शुगरच्या गोळ्यापण सुटतील. लो-कार्बला माझा विरोध नाहीये, काही जणांना ते मस्त जमतं. पण हा मेसेज जाम गंडलेला आहे.

आधी ते तीन किलो घेऊ. काटा खाली येतो हे खरंय, पण जातं ते बरंचसं पाणी. लिव्हर आणि स्नायूंत मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (कार्ब्सचा शरीरातला साठा) साठलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी, कार्ब्स तोडले की हा साठा उतरतो आणि पाणी निघून जातं, वर इन्सुलिन कमी झाल्याने किडनी मीठही जास्त बाहेर टाकते, म्हणून तर सुरुवातीला अनेकांचं डोकं दुखतं, गरगरतं. आता हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तीन किलोचे झाले २३ हजार, म्हणजे सात दिवस रोज ३३०० ची तूट पाहिजे. बहुतेकांचा दिवसभराचा एकूण खर्चच तेवढा नसतो हो, पूर्ण उपाशी राहिलात तरी गणित बसत नाही.

मग इन्सुलिन. चरबी साठवण्यात त्याचा हात असतो, नाही कोण म्हणतंय, पण प्रोटीननेही इन्सुलिन वाढतं हे मेसेजवाला सोयीस्कर विसरतो. आणि खाल्लेलं फॅट गरजेपेक्षा जास्त झालं तर ते साठवायला शरीराला फार खटपट करावी लागत नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या केविन हॉल यांच्या टीमने २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे लो-कार्ब आणि दोन आठवडे लो-फॅट जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून (२०२१ मध्ये छापून आलं). लो-फॅटवर कार्ब्स भरपूर, इन्सुलिनही जास्त, तरी लोकांनी दिवसाला जवळपास ६९० कॅलरी कमी खाल्ल्या! अभ्यास छोटा आणि थोड्या दिवसांचा आहे मान्य, पण ‘इन्सुलिन वाढलं की भूक आणि चरबी वाढणारच’ या थिअरीला तो चांगलाच नडतो.

मग लो-कार्बने लोक बारीक होतात ते कसे? कमी खाऊन. प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं, बिस्किटं, गोड ड्रिंक्स, केक आपोआप बंद होतात, न मोजता कॅलरी कमी होतात. ज्यांना मोजायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही खरंच सोय आहे. पण फॅटच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी आणि कार्ब्समध्ये ४, त्यामुळे ‘हवं तेवढं’ हे फॅटच्या बाबतीत फार लवकर अंगाशी येतं. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पण चांगलंच वाढतं, ते तपासत राहावं.

बरं, लो-फॅटपेक्षा हे भारी का? स्टॅनफर्डच्या २०१८ च्या ट्रायलमध्ये ६०९ जण होते, वर्षभरात लो-कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो घटलं, लो-फॅटवाल्यांचं ५.३, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा कमी आणि भाज्या जास्त असंच सांगितलं होतं. दोन्हीकडे काहींचं भरपूर उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं, आणि कोणाला काय सूट होईल हे ना जीन्सवरून कळलं ना इन्सुलिनच्या टेस्टवरून.

(उलट बाजूचे ‘कार्ब्स नाही खाल्ले तर मेंदू बंद पडेल’ म्हणतात, तेही चूक. लिव्हर ग्लुकोज बनवतं आणि मेंदू कीटोन्सवरही (फॅटपासून लिव्हर बनवतं ते इंधन) बराच चालतो.)

कीटोन्स तपासायची युरिनची स्ट्रिप जांभळी झाली म्हणजे पोट वितळतंय असंही नाही, खाल्लेल्या बटरपासूनपण कीटोन्स बनतात.

सगळ्यात डेंजर तो गोळ्यांचा मुद्दा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं चालू असताना अचानक कार्ब्स तोडले तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, त्यामुळे डोस कमी करावा लागतो, पण तो डॉक्टरने, मेसेजने नाही. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी घेत असाल तर जास्तच सांभाळा, यात शुगर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (कीटोन्स फार साचून रक्त आम्लधर्मी होणं, हे जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो, त्यामुळे उलट्या, पोटात दुखणं, धाप असं काही झालं तर ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतोय म्हणून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटलला जा, गोळीचं नाव सांगा आणि कीटोन्स तपासायला लावा.