‘मुलाचा टॅक्स निम्मा-निम्मा’ म्हणे! आधी रात्री मोजा

टॅक्सचा हंगाम आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: "घटस्फोटानंतर मुलाचा ताबा 50-50 असेल तर टॅक्समधला फायदाही निम्मा-निम्मा. कोर्टाच्या आदेशात लिहिलेलं असलं की वेगळा कागद लागत नाही. चाइल्ड सपोर्ट (मुलाच्या खर्चाचे पैसे) भरणाऱ्याचा हक्क पहिला. दोघांनीही क्लेम केलं, तर ज्याचं रिटर्न आधी त्याचं मूल."

चार वाक्यं, चारही चूक. अशा दोन चुका मी स्वतः करून बसले आहे, म्हणून हा खटाटोप.

50-50 ही फॅमिली कोर्टाची भाषा. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, रात्री मोजते. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री झोपलं, तो ताबाधारक पालक. आता आठवडा तुझा, आठवडा माझा अशी वाटणी घ्या. 52 आठवड्यांच्या 364 रात्री, प्रत्येकी 182. उरते एक. ती ज्याच्या घरी गेली, त्याचं पारडं जड! माझ्या फ्रिजवर कालनिर्णय लटकलेलं असतं. लेक माझ्याकडे असेल त्या तारखेला लाल टिंब, बाबाकडे असेल तेव्हा निळं. एका वर्षी माझा हिशोब 183-182 असा निघाला, आणि ती जादा रात्र 31 डिसेंबरची होती. दोन वर्षांच्या सीमेवरची रात्र ज्या वर्षी सुरू होते, त्या वर्षात धरतात. रात्री अगदी सारख्या भरल्या, उदाहरणार्थ 2024 च्या लीप वर्षात 183-183, तर ज्याचं एजीआय (ठरावीक वजावटी काढून उरलेलं उत्पन्न) जास्त तो ताबाधारक ठरतो.

आणि उन्हाळ्यात लेकरू सहा आठवडे नाशिकला आजीकडे गेलं तर? त्या रात्री आजीच्या नाहीत. एरवी ठरल्याप्रमाणे ते ज्या पालकाकडे असतं, त्याच्या खात्यात त्या जातात. म्हणून वेळापत्रक लेखी असावं.

मग निम्मं-निम्मं काहीच नाही का? एक मूल दोन रिटर्नवर बसत नाही. पण ताबाधारक पालकाने फॉर्म 8332 वर सही केली, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समधून कमी होणारी रक्कम, दुसऱ्याला मिळू शकतं. 2025 साठी ते 2,200 डॉलरपर्यंत आहे. (मूल एच-4 वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल आणि त्याला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर हे विसरा, 500 डॉलरच्या दुसऱ्या क्रेडिटवर भागवावं लागतं.) मात्र सही दिली म्हणून सगळंच गेलं, असं नाही. हेड ऑफ हाउसहोल्ड (मुलासह घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचा दर्जा), डे-केअरचं क्रेडिट आणि अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांसाठीचं), त्यांच्या बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, ताबाधारकाकडेच राहतात. 2025 मध्ये सिंगलचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरलेली वजावट, 15,750 डॉलर आहे, हेड ऑफ हाउसहोल्डचं 23,625. मी हे न वाचताच दोन वर्षं सिंगल म्हणून भरत राहिले.

आता कोर्टाच्या आदेशाचं. 2008 नंतरच्या आदेशाची पानं जोडून भागत नाही. फॉर्म 8332, किंवा फक्त त्याच कामासाठी केलेलं तसंच लेखी निवेदन लागतं. त्यात ‘चाइल्ड सपोर्ट भरला तरच’ अशी अटही चालत नाही. 2012 मध्ये टॅक्स कोर्टापुढे असंच प्रकरण आलं होतं. आदेश वडिलांच्या बाजूचा, चाइल्ड सपोर्टही चुकता केलेला. फॉर्मवर सही तेवढी नव्हती. ते हरले. आई सही देत नसेल तर दाद मागायची ती फॅमिली कोर्टात. आयआरएस त्या भांडणात पडत नाही. आयांनो, तुम्हीही सही एकेका वर्षापुरतीच द्या. पुढच्या सगळ्या वर्षांची एकदम दिली आणि नंतर मागे घेतली, तर ते लागू होतं नोटीस दिल्याच्या पुढच्या वर्षापासून.

चाइल्ड सपोर्टचं एका ओळीत: देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला टॅक्स नाही, आणि त्यावरून मुलावर हक्क ठरत नाही.

राहिलं ‘आधी भरेल त्याचं’. पूर्वी मागाहून भरणाऱ्याचं ई-फाइल परत यायचं, त्यातून ही समजूत पसरली असावी. माझंही तसंच परत आलं होतं आणि मी मुकाट्याने मुलाचं नाव काढून पुन्हा भरलं, हक्क माझा असताना. खरं तर तेव्हाही कागदी रिटर्न पोस्टाने पाठवता येत होतं. 2025 च्या हंगामापासून आयआरएसकडून मिळालेला सहा आकडी आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घातला, तर दुसरं ई-फाइलही स्वीकारलं जातं. मग सीपी 87ए नावाचं पत्र येतं: क्लेम चुकीचा असेल तर रिटर्न दुरुस्त करा. कोणीच मागे हटलं नाही की तपासणी, आणि तिथे शाळेचे, डॉक्टरचे कागद मागतात. कालनिर्णयाची पानं मी तेव्हापासून रद्दीत टाकत नाही.