जांभळी पेन्सिल मायक्रोवेव्हमध्ये का गेली?

ताईचा फोन आला तो ओरडतच. "तुझ्या त्या कार्डांच्या नादापायी पोरीने आज घर पेटवलं असतं!" पोरगी म्हणजे माझी भाची, वय वर्षं दहा. चित्राचा ठसा कागदावर उमटवायचा, त्यात पेन्सिलीने रंग भरायचे, कार्ड करून कुणाला तरी द्यायचं, हे वेड तिला माझ्याकडूनच लागलं. ते मान्य. पण जांभळी पेन्सिल मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला मी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं एका ढकलसंदेशाने.

"महागडे रंग विसरा! ठशाची चित्रं रंगवण्याची ८ गुपितं, जी कलाकार तुम्हाला कधीच सांगणार नाहीत." मथळा असा, खाली रंगीबेरंगी बदामांची रांग आणि शेवटी "कलेवर प्रेम असेल तर पुढे पाठवा". पंधरवड्यात मला तो चौघांनी पाठवला. एका मैत्रिणीने वर "तुझ्या कामाचं आहे" असंही लिहिलं होतं. कामाचं आहेच. आज सगळी कामं सोडून त्याच्याच मागे लागले आहे.

"टोक सारखं तुटतंय? पेन्सिल १० सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. आतली कांडी वितळून पुन्हा जोडली जाईल."

ज्याने हे लिहिलं त्याने पेन्सिल आतून पाहिलेली नाही आणि मायक्रोवेव्हही नाही.

रंगीत पेन्सिलीच्या लाकडात नुसता रंग नसतो. रंगद्रव्याची पूड, टाल्क किंवा पांढऱ्या मातीसारखं भरण, थोडा गोंद आणि हे सगळं धरून ठेवणारं मेण किंवा तेल, असं ते मिश्रण असतं. शिसपेन्सिलीची कांडी भट्टीत भाजून कडक करतात. रंगीत कांडी भाजता येत नाही, ती नुसती वाळवतात. म्हणून ती नाजूक. या संदेशातल्या जवळजवळ प्रत्येक गुपिताची गाडी याच मेणावर घसरते, तेवढं डोक्यात ठेवा.

मायक्रोवेव्ह तापवतो तो मुख्यतः पाण्याचा अंश. मेणावर त्या लहरींचा परिणाम जवळजवळ होतच नाही. म्हणजे जे वितळवायचं ते सोडून तापतो कोण, तर लाकडातला ओलावा. लाकूड कुठे जास्त ओलं, कुठे कमी, त्यामुळे एका जागी ते करपायला लागतं आणि दुसरी जागा गारच असते. त्यात पेन्सिलीवर कंपनीचं नाव सोनेरी किंवा चंदेरी अक्षरांत छापलेलं असतं. ती अक्षरं पुष्कळदा धातूच्या पातळ वर्खाची असतात आणि धातूचा वर्ख मायक्रोवेव्हमध्ये काय करतो हे वेगळं सांगायला नको. ठिणग्या. भाचीच्या जांभळ्या पेन्सिलीवरही चंदेरी अक्षरं होती. तिचे बाबा स्वयंपाकघरातच होते म्हणून बटण वेळेत बंद झालं. अक्षरांच्या जागी आता काळा डाग आहे आणि घरभर जळक्या लाकडाचा वास दोन दिवस होता म्हणे.

याच संदेशाची एक आवृत्ती नुसतं "कोणतीही पेन्सिल" म्हणते. एखाद्या मुलाने उद्या शिसपेन्सिल आत ठेवली तर? ग्रॅफाइटमधून वीज वाहते. त्या लहरींत ते लालबुंद होतं आणि लाकूड पेट घेतं. हा प्रयोग मुद्दाम करून दाखवणारे महाभागही आहेत. घरी करून बघू नका.

आता अर्धसत्य. दात खाऊन देते. मेणाची कांडी उबेने मऊ होते आणि आतली बारीक चीर कधी कधी सांधली जाते, हे खरं आहे. काही चित्रकार पेन्सिली खिडकीतल्या उन्हात थोडा वेळ ठेवतात. त्यात आग नाही, ठिणगी नाही, आणि गुण येईलच अशी हमीही नाही.

पण टोक तुटतं का, हे कोणी विचारतच नाही! एक, पेन्सिल पडते आणि बाहेरून काही न दिसता कांडीचे आत चार तुकडे होतात. दोन, शार्पनरचं पातं बोथट असतं. ते लाकूड कापण्याऐवजी कांडीला पिळतं. तीन, कांडी लाकडाच्या मधोमध बसलेलीच नसते. घेताना पेन्सिलीचं मागचं टोक डोळ्यांसमोर धरा. रंगाचा ठिपका एका बाजूला सरकलेला दिसला तर ती परत ठेवा. पातं बदला, पेन्सिली डब्यात खडखडू देऊ नका. निम्मी तुटतूट तिथेच थांबते.

"रंग एकजीव करायला बेबी ऑइल, रॉकेल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरा. बाजारातली द्रव्यं म्हणजे लूट."

तीन वस्तू एका दमात, जणू तिन्ही सारख्याच.

कल्पनेचं मूळ खरं आहे. मेण पाण्यात विरघळत नाही, मिनरल स्पिरिटात, म्हणजे रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रवात, विरघळतं. म्हणून कागदाच्या घट्ट गुंडाळीचं टोक, ज्याला ब्लेंडिंग स्टंप म्हणतात, बिनवासाच्या मिनरल स्पिरिटात जेमतेम ओलं करून रंगावरून फिरवलं की पेन्सिलीच्या रेघा मिटतात आणि रंग रंगाने लावल्यासारखा दिसतो. हे मीही करते. पण ते स्पिरिट नंतर उडून जातं, मागे काही उरत नाही. सगळा मुद्दा एवढाच आहे.

बेबी ऑइल उडत नाही. ते कागदातच राहतं आणि हळूहळू पसरतं. आज कार्ड सुंदर दिसेल, चार दिवसांनी फुलाभोवती तेलकट कडं, कार्डाच्या पाठीवर पारदर्शक डाग, आणि आत लिहिलेला मजकूर त्या डागात बसलेला. माझ्याकडे असं एक कार्ड आहे. मीही कधीतरी नवशिकी होते.

रॉकेल उडतं, पण सावकाश, आणि वास मागे ठेवून. शुभेच्छांचं पाकीट उघडल्यावर स्टोव्हचा वास यावा अशी कोणाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. खरी भीती दुसरीच आहे. हा संदेश मुलांपर्यंत जातो. उघड्या वाटीतल्या रॉकेलचा घोट लहान मुलाने घेतला आणि त्यातलं थोडं श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. म्हणूनच रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करायला लावू नये असं डॉक्टर सांगतात.

आणि रिमूव्हर! त्यात बहुधा ॲसिटोन असतं. त्याची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे घरातल्या तापमानाला ती कायम तयारच. तशात ॲसिटोन कित्येक शाया विरघळवतं. तुम्ही पाकळी रंगवायला जाता आणि ठशाची काळी बाह्यरेषाच पाकळीत उतरते.

मिनरल स्पिरिटसुद्धा मुलांच्या हाती देऊ नका. बिनवासाचं म्हणजे बिनवाफेचं नव्हे, खिडकी उघडी हवीच. दहा वर्षांच्या मुलीला रंगहीन ब्लेंडर पेन्सिल पुरते. तिच्यात रंग सोडून बाकी सगळं, म्हणजे मुख्यतः मेण, असतं.

"पेन्सिल कोरडी असते, त्यामुळे ठशाला कोणतीही शाई चालते."

पुन्हा अर्धं खरं. जलरंग किंवा अल्कोहोल मार्कर वापरताना शाई चुकली की सगळं फिसकटतं. पेन्सिलीला तेवढं पथ्य नाही. पण पिगमेंट शाई, म्हणजे रंगद्रव्याची पूड असलेली दाट शाई, सावकाश वाळते. ओल्या रेषेवरून पिवळी पेन्सिल गेली की टोकाला काळं लागतं आणि सूर्यफूल मळकं होतं. तिला वेळ द्या किंवा हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, सुकवा. हीट गन रंगवायच्या आधी, नंतर नाही. तापवल्यावर वितळून रेषा उठावदार करणाऱ्या एम्बॉसिंग पावडरचंही तसंच. रंगवून झालेल्या चित्रावर गरम हवा सोडली तर मेण वितळून चकाकतं.

संदेशात नसलेली, पण नवख्यांना हटकून नडणारी एक गोष्ट इथेच सांगते. "वाढदिवसाच्या शुभेच्छा" हा अक्षरांचा ठसा रंगवलेल्या भागावर मारायचा असेल तर आधी मारा. मेणाच्या थरावर पाण्याची शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन बसते. शेवटच्या क्षणी वाया गेलेली माझी निम्मी कार्डं अशीच गेली आहेत.

"जोर देऊन रंगवा, रंग गडद येतो." येतो, आणि कागदाचे दाणे पहिल्याच थरात दबून जातात, मग दुसरा रंग वर बसतच नाही. हलक्या हाताचे चार थर द्या, जोर शेवटच्या थराला. मेण फार झालं तर काही दिवसांनी गडद रंगांवर पांढुरकी बुरशी आल्यासारखी दिसते. ती बुरशी नव्हे, वर आलेलं मेण आहे, मऊ कापडाने पुसलं जातं.

"शेवटी हेअरस्प्रे मारा." नको. तो केसांसाठी आहे. कागदावर चिकट राहतो, काळाने पिवळा पडतो आणि ज्वालाग्राही असतो ते वेगळंच. फिक्सेटिव्ह नावाची फवारायची वस्तू, रंग पुसला जाऊ नये याच कामासाठी मिळते, आणि पाकिटात जाणाऱ्या कार्डाला तिचीही गरज क्वचितच पडते.

"वॉटरकलर पेन्सिल म्हणजे नुसतं नाव. साधी पेन्सिल पाण्यात बुडवा." बुडवा. ओली पेन्सिल मिळेल. पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलीत धरून ठेवणारं द्रव्यच वेगळं असतं. स्विस कंपनी कारान दाशने १९३१ मध्ये प्रिस्मालो ही तशी पेन्सिल आणली, ती काय उगाच?

"सगळ्या पेन्सिली सारख्याच. महाग पेन्सिल म्हणजे ब्रँडचा तोरा."

याच वाक्यामुळे हा संदेश लोकांना पटतो, म्हणून जरा थांबते. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. तुमचं कार्ड पाकिटात जाणार, एकदा उघडलं जाणार आणि मग खणात पडणार असेल तर शाळेच्या पेन्सिलींनीही छान काम होतं. थर देताना त्या जरा अडतात, कारण त्यांत भरण जास्त आणि रंगद्रव्य कमी, एवढंच.

पण कार्डं भिंतीवर लागतात, चौकटीत जातात. उजेडात कोणता रंग किती टिकतो हा निव्वळ मताचा प्रश्न नाही, तो मोजलेला आहे. कलाकारांच्या रंगीत पेन्सिलींसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्वतंत्र मानकच आहे, डी ६९०१. त्यात रंगाचे नमुने प्रकाशात ठेवतात, रंग किती बदलला ते मोजतात आणि पहिली ते पाचवी अशी श्रेणी देतात, पहिली सर्वांत टिकाऊ. कारान दाशच्या एका मालिकेचं नावच 'ल्युमिनन्स ६९०१' आहे. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेन्सिलींवर टिकाऊपणाच्या चांदण्या छापलेल्या असतात, एक ते तीन. म्हणजे एकाच डब्यातल्या पेन्सिलीसुद्धा सारख्या नसतात, आणि हे कंपनी स्वतःच पेन्सिलीवर लिहून देते! "सगळ्या सारख्याच" म्हणणाऱ्याने निदान पेन्सिल तरी वाचावी. गुलाबी आणि जांभळ्या छटांकडे विशेष लक्ष ठेवा, त्यांतल्या बऱ्याच लवकर उडतात. मोठा डबा नको असेल तर चार-सहा चांगल्या पेन्सिली सुट्या घ्या.

आठवं गुपित हे गुपित नाहीच, टोमणा आहे: "तसंही दुसऱ्याच्या ठशात रंग भरणं ही काही खरी हस्तकला नव्हे." १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, ते शिळाछापावर छापून घेतलं आणि त्या छापील चित्रात हाताने रंग भरवले. विकण्यासाठी छापलेलं पहिलं नाताळकार्ड म्हणून जग ज्याला ओळखतं ते हेच. आधी छापील रेषा, मग हाताचा रंग. ही कला नसेल तर पुढचं बोलणं कोल साहेबांशी करा.

भाचीला मी नवी जांभळी पेन्सिल दिली आणि जुनी मागून घेतली. एका कार्डाच्या पट्टीवर तिच्या डब्यातल्या सगळ्या रंगांचे चौकोन रंगवले आहेत, अर्धी पट्टी जाड काळ्या कागदाने झाकून खिडकीत चिकटवली आहे. तीन महिन्यांनी झाकण काढून कोणता रंग उडाला ते दोघी मिळून बघणार. करपलेली जांभळी पेन्सिलही तिथेच उन्हात पडली आहे, आठवडा झाला. काल शार्पनर लावून पाहिला. टोक तुटलं.

"मावशी, मग अजून थोडी ठेवूया?" म्हणाली. ठेवली आहे.