बाबांची हिरव्या दिव्याची डबी आणि वीजबिलाचा फॉरवर्ड

मार्चचं ऊन लागलं की हा मेसेज उगवतोच: ‘वीजबिल निम्मं करा, वीज कंपनी हे तुम्हाला कधीच सांगणार नाही.’ यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो बाबांनी टाकला. बाबांना ग्रुपवर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

पहिला आणि सगळ्यात लाडका उपाय म्हणजे सॉकेटमध्ये खुपसायची ‘पॉवर सेव्हर’ डबी. 40 टक्के बचत म्हणे. बाबांनी ती एका प्रदर्शनातून आणलीसुद्धा. मी स्क्रू काढून उघडली. आत अंगठ्याएवढा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग), दोन-तीन रेझिस्टर आणि एक हिरवा एलईडी. दावा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. पंख्यासारखी मोटरची उपकरणं कामासाठी लागतो त्यापेक्षा जास्त करंट तारांमधून ये-जा करायला लावतात आणि कपॅसिटर ती ये-जा कमी करतो. कारखान्यांना पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा, सांभाळावा लागतो तो त्यासाठीच. पण घरचं बिल किलोवॉट-तासांवर (बिलावरची ‘युनिटं’ ती हीच), म्हणजे खरोखर वापरलेल्या विजेवर निघतं. ती या डबीने कमी होत नाही.

तरी बाबा म्हणाले, ‘लावून तर बघ.’ बघितलं. आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलाय: लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त हॉलचा जुना पंखा चालू ठेवला. दिवा साधारण पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकायचा, दहा लुकलुकींना अडीच मिनिटं. मग डबी लावली. पुन्हा अडीच मिनिटं. इस्त्री लावून बघितली, तिथेही तेच. बाबा जिन्यात चष्मा कपाळावर चढवून उभे होते, काही बोलले नाहीत.

दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण तो भीती घालतो. शंभर युनिटं ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, म्हणून महिनाअखेर फ्रिज बंद ठेवा! महावितरणचे घरगुती टप्पे 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत, पण ते जिन्यासारखे आहेत. 102 युनिटं झाली तर वरचा दर फक्त शेवटच्या दोन युनिटांना. पहिली शंभर आपल्या जुन्याच दराने. बिलावर टप्प्यांची फोड छापलेली असते, जरा वाचायची. आणि फ्रिज बंद ठेवून वाचतं ते थोडंच, कारण पुन्हा चालू केला की कॉम्प्रेसर आतलं सगळं गार करायला दम टाकेपर्यंत चालतो. दूध नासलं तर त्याचा हिशेब वेगळा.

एसी 16 वर लावला की खोली लवकर गार होते? नाही. साध्या एसीत तो आकडा एवढंच सांगतो की थांबायचं कधी. गार करण्याचा वेग तोच. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसीही तापलेल्या खोलीत सुरुवातीला जोरातच चालतो, आकडा 16 असो की 24. मे महिन्यात 16 ठेवलात तर ते तापमान गाठलंच जात नाही आणि कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही. उपकरणांना स्टार देणाऱ्या सरकारी ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाने एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून स्टार लेबलचे नवे एसी मुळात 24 वर सेट होऊन येतात ते उगाच नाही.

‘एसी विका, कूलर घ्या’ हा सल्ला नागपूर-अकोल्याच्या माणसाने लिहिला असेल तर बरोबर आहे. तिथल्या कोरड्या हवेत कूलरचं पाणी भराभर उडतं आणि खोली खरंच गार पडते, तीही एसीच्या मानाने किरकोळ विजेत. हाच सल्ला दादर किंवा रत्नागिरीत पाळा. हवेत आधीच ओल, वर कूलरची. चादरसुद्धा अंगाला चिकटेल.

गीझर दिवसभर चालू ठेवणं स्वस्त पडतं, हेही खोटं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला जेमतेम 0.6 युनिट लागतं, दोन किलोवॉटच्या गीझरला अठरा-वीस मिनिटं. टाकी जितका वेळ गरम, तितकी उष्णता भिंतीबाहेर जात राहते आणि ती भरून काढायला कॉइल पुन्हा पुन्हा पेटते. अंघोळीआधी लावा, नंतर बंद करा.

मोबाईलचा रिकामा चार्जर काढायला हरकत नाही. पाव वॉट धरला तरी महिन्याला 0.18 युनिट. त्याच टेबलावरचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केल्यावरही दहा वॉट ओढत असेल, तर त्याची सात युनिटं होतात. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.

नाव नाही ते पंख्याचंही. जुना पंखा 75 वॉट, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचतात. आमच्याकडे हॉलचा आणि माझ्या खोलीतला बदलून झाला. बाबांच्या खोलीतला राहिलाय. पंख्याला रिमोट कशाला, असं त्यांचं म्हणणं आहे. डबी मात्र तिथेच आहे, पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये. रात्री उठल्यावर तिच्या हिरव्या उजेडात चष्मा सापडतो म्हणतात.