दुसऱ्याचे गाणे गाताना

मोठ्या गायकाने उतारवयात जुन्या काळातली, दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी गायला घेतली की ‘आता याच्याकडे स्वतःचे काही उरले नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ही सवय अन्यायाची वाटते. त्याच वेळी असे गाणे गाणाऱ्यावर एक जबाबदारी येते आणि ती बहुतेक जण टाळतात, असेही मला वाटते. या दोन्ही गोष्टी मनात आल्या त्या अमेरिकन गायक बॅरी मॅनिलो यांच्या एका सीडीमुळे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

२००६ च्या जानेवारीअखेर त्यांचा १९५० च्या दशकातल्या लोकप्रिय गाण्यांचा अल्बम निघाला. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. काळाघोड्याच्या रिदम हाउसमध्ये मी ती सीडी घेतली, ती मुख्यतः आमच्या मोठ्या काकांसाठी. काका तरुणपणी बॅलार्ड पिअरला एका शिपिंग कंपनीत नोकरीला होते, आणि गिरगावातल्या चाळीत रात्री सगळे झोपल्यावर रेडिओ सिलोनवरची इंग्रजी गाणी आवाज अगदी बारीक ठेवून ऐकत असत. घरात बाकी सर्वांना भावगीते आणि नाट्यसंगीत, काकांना मात्र हेही आणि तेही.

तो अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध होताच विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९७७ नंतर मॅनिलो यांना हे स्थान प्रथमच मिळाले होते. त्यावर ‘आठवणींचा धंदा’ अशी टीका करणाऱ्यांना एक गोष्ट ध्यानात आणून द्यावीशी वाटते. ज्या ‘मॅन्डी’ने १९७४ च्या अखेरीस या माणसाला नाव मिळवून दिले, ते गाणेही मुळात त्यांचे नव्हते. स्कॉट इंग्लिश यांनी ते दुसऱ्या नावाने, बऱ्याच जलद चालीत आधीच गायले होते. मॅनिलो यांनी त्याची गती उतरवली, आणि त्या संथपणात शब्दांमधला पश्चात्ताप ऐकू येऊ लागला. दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःची जागा शोधणे हे त्यांचे उतारवयातले दुकान नाही, ती त्यांची पहिल्यापासूनची कला आहे.

आपल्यालाही हे नवे नाही. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले तेव्हा त्यातली गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा वेगवेगळ्या आवाजांतून लोकांनी ऐकली. पुढे बाबूजी ती एकट्याने गाऊ लागले आणि कित्येक वर्षे गात राहिले. चाली त्यांच्याच होत्या हे खरे, पण पहिले गळे दुसऱ्यांचे होते, आणि तरीही आज आपल्या कानात बसला आहे तो त्यांचाच आवाज. लताबाईंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सैगल, मुकेश, रफी, किशोरकुमार यांची गाणी गायली, तेव्हा त्या संग्रहाचे नावच ‘श्रद्धांजली’ असे होते. कोणाचे ऋण आहे ते आधी सांगायचे आणि मग गायचे, हा शिष्टाचार मला फार मोलाचा वाटतो.

हाच शिष्टाचार आज मुंबईच्या नाट्यगृहांतून हरवत चालला आहे. काही महिन्यांपूर्वी उपनगरातल्या एका कार्यक्रमात मी अडीच तास जुनी गाणी ऐकली. गायक नावाजलेले होते, गळा तयार होता, ट्रॅक चोख वाजत होता, मूळ ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक हरकत जशीच्या तशी येत होती; आणि एवढ्या वेळात गीतकाराचे किंवा संगीतकाराचे नाव एकदाही घेतले गेले नाही. मला त्याचे खरोखर वाईट वाटले. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या परवान्याच्या तरतुदीखाली एखादे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे तर मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र वेष्टनावर छापता येत नाही, आणि हे गाणे पुन्हा गायलेले आहे असे स्पष्ट लिहावे लागते. ग्राहकाची फसवणूक होऊ नये यासाठी ते योग्यच आहे. पण रंगमंचावर उभे राहून ‘हे गाणे अमक्यांचे’ असे सांगायला कोणाची मनाई आहे?

मॅनिलो यांच्या त्या अल्बममध्ये एक युगुलगीत आहे, आणि त्यात त्यांच्यासोबत फिलिस मॅग्वायर आहेत. त्या मॅग्वायर सिस्टर्सपैकी एक. या तिघी बहिणींचे ‘सिन्सिअरली’ १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, आणि तेच गाणे इथे फिलिस पन्नास वर्षांनी पुन्हा गातात. बाकीच्या अल्बमचा वाद्यमेळ मला थोडा जास्तच गुळगुळीत वाटतो, पण या ठिकाणी तो बाजूला सरकतो आणि एका बाईचे वय ऐकू येते. मात्र या गाण्याची गोष्ट तिथून सुरू होत नाही. ते मुळात मूनग्लोज या कृष्णवर्णीय गायकांच्या गटाचे, १९५४ चे. कृष्णवर्णीयांच्या संगीताची लोकप्रियतेची यादी तेव्हा वेगळी असे, आणि तिच्यात ते पहिलेही आले. पण देशभर घराघरांत पोहोचले ते गोऱ्या बहिणींच्या आवाजात. त्या दशकात असे वारंवार घडत होते. म्हणूनच दुसऱ्याचे गाणे गाताना पहिल्या गळ्याचे नाव घेणे ही मला केवळ सभ्यतेची बाब वाटत नाही. नाव न घेतल्याने माणसे खरोखर पुसली गेली आहेत.

गेल्या रविवारी काका आमच्याकडे दादरला आले होते. आता त्यांचे वय ८८ आहे. ती सीडी लावली, तर युगुलगीतातला दुसरा आवाज त्यांनी लगेच ओळखला आणि “ही त्या बहिणींतली,” असे म्हणून हसले. मी मूनग्लोजबद्दल सांगितले. त्यांनी हे नाव कधीच ऐकले नव्हते. सत्तर वर्षे ते गाणे त्या बहिणींचेच समजत होते. मी फोनवर मूळ ध्वनिमुद्रण शोधून लावले. काका डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले, मग म्हणाले, “परत लाव. आणि मघाशी गाणाऱ्यांचे नाव काय म्हणालास ते एका कागदावर लिहून दे.”