ऊर्जामंत्र्याची परीक्षा एसएलडीसीत होते

राज्याच्या ऊर्जा धोरणावरची चर्चा हल्ली दोनच आकड्यांवर येऊन थांबते: सौरचे किती मेगावॅट झाले आणि स्मार्ट मीटर किती लागले. दोन्ही गोष्टी हव्याच. पण ग्रिड टिकणार की कोसळणार, हे ठरतं राज्यातली विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे एसएलडीसीत. तिथल्या शिफ्ट इंजिनिअरने वितरण कंपनीला "ओव्हरड्रॉ होतोय (ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढताय), लोड कमी करा" असं सांगितलं, तर कंपनी ऐकते का? आणि ऐकलं नाही, तर फीडर (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी लाईन) तोडण्याची हिंमत त्याला वरून मिळते का? माझ्या मते नेतृत्व मोजायचं ते इथे.

30 जुलै 2012 ला पहाटे बिना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. लाईनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, नव्हता. कॉरिडॉरमधल्या अनेक लाईन आधीच बंद होत्या, उत्तरेकडची राज्यं शेड्यूलपेक्षा जास्त वीज ओढत होती, आणि रिलेच्या (बिघाड दिसताच लाईन तोडायला लावणाऱ्या यंत्राच्या) तिसऱ्या, सर्वांत दूरवर पाहणाऱ्या झोनने त्या भारालाच फॉल्ट समजून लाईन तोडली. उत्तर ग्रिड गेली, सुमारे 36 हजार मेगावॅट. दुसऱ्याच दिवशी पूर्व आणि ईशान्येसह पुन्हा गेली, या वेळी सुमारे 48 हजार मेगावॅट. लोड कमी करायच्या सूचना आधी दिलेल्या होत्या, पण त्या पुरेशा पाळल्या गेल्या नाहीत. वारंवारिता घसरली की ठरलेले फीडर आपोआप तोडणारे, कागदावर हजारो मेगावॅट वाचवू शकणारे अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेही ऐन वेळी पुरेसे चालले नाहीत.

कायदा काय म्हणतो? विद्युत अधिनियम 2003, कलम 33: एसएलडीसीचा आदेश मोडला तर दंड जास्तीत जास्त 5 लाख. आता 200 मेगावॅटचा ओव्हरड्रॉ तासभर चालू राहिला तर 2 लाख युनिट होतात. युनिटला 5 रुपये धरले तरी 10 लाखांची वीज. म्हणजे दंड विजेच्या निम्म्या किमतीचा. खरा चाप बसतो तो डेव्हिएशनच्या, म्हणजे शेड्यूलपासून किती ढळलात त्याच्या आकारणीच्या हिशेबातून, पण तो हिशेब नंतर होतो, आणि ग्रिड पडायला काही सेकंद पुरतात.

त्यात कलम 31 ची पळवाट. वेगळी संस्था होईपर्यंत एसएलडीसी राज्य पारेषण कंपनीने चालवावी, अशी तात्पुरती सोय कायद्यात आहे. बहुतेक राज्यांत ती सोयच कायमची झाली. बदली आणि बढती ज्यांच्या हातात, त्यांच्याच भावंड-कंपनीचा, म्हणजे सरकारी वितरण कंपनीचा, फीडर तोडायचा! गिरीश प्रधान समितीने 2008 मध्येच या केंद्रांचा कारभार आणि पैसा वेगळा करा, ऑपरेटरना प्रमाणपत्र द्या, असं सांगितलं होतं.

आता अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेने तोडायच्या फीडरची यादी. वारंवारिता नेहमीच्या 50 वरून 49.4 हर्ट्झला आली की पहिला टप्पा तुटतो, मग 0.2 च्या पायऱ्यांनी 48.8 पर्यंत एकूण चार टप्पे. यात हमखास काय बिघडतं? यादीतला फीडर त्या वेळी भारनियमनात आधीच बंद असतो, म्हणजे तोडून हाती शून्य. बड्या मंडळींचे फीडर हळूच यादीबाहेर जातात. फीडरचं विभाजन होतं, यादी जुनीच राहते. पीटीचा (रिलेसाठी व्होल्टेज कमी करून देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडालेला असतो, त्यामुळे रिलेला व्होल्टेजच दिसत नाही. आणि चाचणी घेताना ट्रिप लिंक, म्हणजे रिलेचा आदेश ब्रेकरपर्यंत नेणारी जोडणी, उघडी ठेवतात, कारण पुरवठा बंद करायचा नसतो. रिले पास होतो. ट्रिप कॉइल, उपकेंद्राची बॅटरी आणि फीडर प्रत्यक्ष तोडणारा ब्रेकर मात्र तपासायचे राहून जातात. ब्रेकर खरोखर उघडून पाहिलेला नसेल तर त्या चाचणीला मी चाचणी म्हणत नाही.

सौरने यात नवी भर घातली. दुपारी छतांवरच्या पॅनेलमुळे काही फीडर उलटी वीज पाठवतात. असा फीडर तोडला तर लोड कमी होण्याऐवजी निर्मितीच जाते. म्हणून यादी दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी हवी, आणि ती करायला फीडरवर दोन्ही दिशांचा प्रवाह मोजणारं मीटर हवं. घरोघरच्या मीटरआधी हे व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत.

कोणता फीडर तोडू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात थंडीने लोड तोडावा लागला, तेव्हा वीजकेंद्रांना गॅस पुरवणाऱ्या काही यंत्रणाच तोडलेल्या फीडरवर निघाल्या, कारण त्यांची नोंद अत्यावश्यक म्हणून झालेलीच नव्हती. गॅस अडला, वीज आणखी घटली. आपल्याकडे पाणीपुरवठ्याचे पंप, रुग्णालयं आणि रेल्वेगाड्यांना वीज देणारी ट्रॅक्शन उपकेंद्रं कोणत्या फीडरवर आहेत, हे दर सहा महिन्यांनी जागेवर जाऊन तपासलं जातं का?

आणि एवढं करूनही फक्त वारंवारितेकडे बघून चालणार नाही. 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले ते व्होल्टेज वाढत गेल्यामुळे, एकामागून एक निर्मिती सुटत गेली म्हणून. रिअॅक्टर (अणुभट्टी नव्हे, व्होल्टेज खाली आणणारं उपकरण), व्होल्टेज वर नेणारी कॅपॅसिटर बँक आणि सौर इन्व्हर्टरकडून व्होल्टेज सांभाळण्याची सक्ती, हा विषय निविदेच्या अटींतच यायला हवा. प्रकल्प उभा राहिल्यावर विकासक एक रुपयाही वाढवून खर्च करत नाही.

मंत्र्यांकडून मला तीन गोष्टी हव्यात. एसएलडीसी पारेषण कंपनीतून बाहेर काढा. कलम 65 प्रमाणे अनुदानाची रक्कम आगाऊ द्या, कारण रोकड नसलेली वितरण कंपनी बाजारातून वीज घेण्याऐवजी ग्रिडमधून ओढते. आणि प्रत्येक उपकेंद्राच्या अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, ब्रेकर उघडला की नाही, हे नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला टाका.