आधी डॅक बदलू नका

घरच्या साउंड सिस्टीममधल्या डॅकबद्दल, म्हणजे डिजिटल आकड्यांपासून स्पीकरकडे जाणारी विजेची लहर बनवणाऱ्या यंत्राबद्दल, एक सल्ला गेली काही वर्षं हातोहात पसरतो आहे. तो थोडक्यात असा: डिजिटल संगीत पायऱ्यापायऱ्यांचं असतं, बिट (प्रत्येक नमुन्याच्या आकड्याची बारकाई) आणि सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) जितके जास्त, तितक्या पायऱ्या बारीक, म्हणून 32 बिट, 768 किलोहर्ट्झचा, नावाजलेल्या चिपचा आणि शक्यतो आर-टू-आर (रेझिस्टरांच्या शिडीच्या) पद्धतीचा डॅक घ्या, आणि तोही स्पीकरच्या आधी. फरक कळला नाही, तर तुमचे कान अजून तयार नाहीत असं समजा. नव्याने नाद लागलेली माणसं यावर विश्वास ठेवतात आणि साठवलेले पैसे चुकीच्या खोक्यात घालतात. हे बघून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पायऱ्यांपासून सुरुवात करू. त्या चित्रात असतात, तारेत नसतात. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना म्हणजे त्या क्षणापुरती लहरीची उंची. दोन नमुन्यांमधली जागा आडव्या रेषेने भरायची, असं कुठेही ठरलेलं नाही. डॅकमधला फिल्टर 22,050 हर्ट्झच्या वरचं सगळं काढून टाकतो, आणि पायरीची धारदार कड ही त्या वरच्या भागामुळेच बनलेली असते. ती गेली की उरते त्या सगळ्या नमुन्यांतून जाणारी एकच गुळगुळीत लहर. दुसरी कुठलीही लहर त्या मर्यादेत बसतच नाही. या गणिताचा पाया नायक्विस्टने 1928 साली घातला आणि शॅननने 1949 साली ते नीट मांडलं. मी एका साध्या डॅकमधून 10 किलोहर्ट्झचा सूर सोडून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिला आहे. एका आवर्तनाला जेमतेम साडेचार नमुने, आणि पडद्यावर मात्र स्वच्छ, गोल साइन लहर. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पायऱ्यांची भीती कायमची जाते.

मग वाढीव सॅम्पल रेट देतो काय? माणसाला ऐकू येणाऱ्या 20 किलोहर्ट्झच्या पलीकडच्या वारंवारता, आणि फिल्टर बनवणाऱ्याला थोडी मोकळीक. ती मोकळीक डॅक स्वतःच मिळवतो, कारण आत येणारे नमुने तो अनेक पटींनी वाढवून घेतो; यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये तर 14 बिटांची चिप होती; चौपट ओव्हरसॅम्पलिंगच्या जोरावर तिच्याकडून 16 बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं होतं. ऐकण्याच्या चाचण्यांचं म्हणाल, तर मेयर आणि मोरान यांनी 2007 साली हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त बिट आणि सॅम्पल रेटचं) संगीत एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवलं आणि लोकांना फरक ओळखायला लावलं. 554 प्रयत्नांत 276 वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. उलट बाजूही सांगायला हवी. 2016 साली राइस यांनी 18 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52.3 टक्के निघालं, आणि सराव दिलेल्यांचं त्याहून बरं. त्यामुळे फरक शून्य आहे असा माझा दावा नाही. पण ज्याला ‘पडदा बाजूला झाल्यासारखा’ म्हणून सांगितलं जातं, तो फरक एवढासा नसतो.

बिटांचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण इथे निव्वळ आकडा विकला जातो. एका बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला पल्ला साधारण 6 डेसिबलने वाढतो: 16 बिट म्हणजे 96, 24 म्हणजे 144, 32 म्हणजे 192. आता 2 व्होल्ट आउटपुट देणाऱ्या डॅकमध्ये 32 बिटांची सगळ्यांत लहान पायरी किती? सुमारे एक नॅनोव्होल्ट. आणि 1,000 ओहमचा साधा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, केवळ आतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात अर्धा मायक्रोव्होल्ट गोंगाट करतो. म्हणजे त्या पायरीच्या शेकडो पट. कितीही काळजीने बनवलेला डॅक घ्या, तो 20-21 खऱ्या बिटांच्या आसपास थांबतो, कारण पुढे उष्णता आडवी येते. आतल्या आकडेमोडीला, विशेषतः डिजिटल व्हॉल्यूमला, 32 बिट उपयोगी पडतात. पण खोक्यावर छापलेला तो आकडा आवाजाचा दर्जा सांगत नाही. आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर शांत घरातही 30 डेसिबलच्या आसपास गोंगाट असतोच. त्याच्या वर 96 डेसिबलचा पल्ला वापरायचा, तर वरचं टोक 120 च्या पुढे जातं. तिथे संगीत राहत नाही, कान दुखतात.

चिपबद्दल फार बोलायची गरज नाही. चिप हा एक भाग. वीजपुरवठा, नमुन्यांची वेळ सांभाळणारं घड्याळ आणि आउटपुटचं सर्किट बनवणाऱ्याच्या हातात असतं. 2020 साली जपानमध्ये एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि चिप मिळेनाशा झाल्या, तेव्हा डॅक बनवणाऱ्या आरएमईने आपला एडीआय-2 डॅक त्याच नावाने, पण ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून चालू ठेवला. चिप हेच सर्वस्व असतं, तर ते जमलंच नसतं.

आर-टू-आरमध्ये रेझिस्टरांची शिडी असते. कल्पना सुंदर आहे, पण 16 बिट खरोखर गाठायचे तर सर्वांत मोठ्या बिटाची अचूकता 0.0015 टक्क्यांपर्यंत सांभाळावी लागते. शिवाय असे बरेच डॅक ओव्हरसॅम्पलिंग करत नाहीत. तसं असलं की 20 किलोहर्ट्झला आवाज सुमारे 3 डेसिबलने खाली येतो, आणि वर फिल्टरही नसेल तर पायऱ्या खरोखरच शिल्लक राहतात! पायऱ्यांची भीती घालणारा सल्ला शेवटी त्या ठेवणारंच यंत्र सुचवतो. त्याचा मऊपणा कुणाला आवडत असेल तर जरूर घ्यावा. आवड म्हणून घ्यावा, अचूकता म्हणून नाही.

आता ‘स्पीकरच्या आधी’ या शब्दांकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. ठीकठाक डॅकचं विकृतीकरण (डिस्टॉर्शन) 0.001 टक्क्याच्या घरात असतं. स्पीकर खर्जात, जरा मोठ्या आवाजाला, सहज 1 टक्क्यापर्यंत जातो. हजारपट! आणि खोली त्याहून बेरकी. 4 मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. खुर्ची हातभर मागे-पुढे सरकवली तरी खर्जातले काही सूर बदललेले जाणवतात. आधी स्पीकर, त्यांची जागा, बसण्याची जागा. हे सगळं झाल्यावरच डॅक.

डॅक खरंच लागतो तेव्हा कारण साधं असतं. अॅम्प्लिफायरला डिजिटल इनपुट नाही. कॉम्प्युटर जोडला की स्पीकरमधून घरघर येते. तिथे ऑप्टिकल केबल विजेचा संबंधच तोडते आणि घरघर थांबते. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकचा रोध जास्त असल्याने इअरफोनचा तोल बिघडतो. अशा वेळी आवश्यक इनपुट, अॅम्प्लिफायरला पुरेसा व्होल्टेज आणि हाताला सोयीचा व्हॉल्यूम एवढं बघून घ्या. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत असाल तर डॅक त्या हेडफोनमध्येच आहे. बाहेरचा तिथे काही करत नाही.

राहिला कानांचा मुद्दा. तो मला अन्यायाचा वाटतो. दोन डॅक बदलून पाहताना मलाही एकदा फार मोठा फरक ऐकू आला होता. मग मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज मोजले. एक दुसऱ्यापेक्षा 10 टक्के जास्त देत होता, म्हणजे जवळजवळ 0.8 डेसिबल. एवढा वाढीव आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. पातळी सारखी केल्यावर फरक नाहीसा झाला. तेव्हा घरी करून बघा: 100 हर्ट्झचा एकच सूर दोन्हींवर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज 1 टक्क्याच्या आत जुळवा, डॅक बदलायचं काम तुम्हाला दिसणार नाही अशा जागी बसलेल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि 16 वेळा ओळखा. 12 किंवा अधिक बरोबर आले, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे; मग तो डॅक खुशाल घ्या.