‘ऋण फेडले’ हा शब्द खटकला

इराक युद्धात मारला गेलेला अमेरिकी सैनिक होसे अँटोनियो गुतिएरेझ याच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘मरणोत्तर नागरिकत्व देऊन अमेरिकेने त्याचे ऋण फेडले’ हे वाक्य घशाखाली उतरत नाही. ग्वाटेमालातला हा अनाथ पोरगा कागदपत्रांशिवाय मेक्सिको ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचला, ग्रीनकार्ड मिळवून मरीन (अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअर दलाचा सैनिक) झाला आणि २१ मार्च २००३ ला इराकमध्ये मारला गेला, तोही आपल्याच बाजूच्या गोळीने. (ही गोष्ट लेखात एका ओळीत उरकली आहे!) त्याच आठवड्यात मेक्सिकोत जन्मलेला दुसरा मरीन होसे गारिबाय इराकमधल्याच नासिरियात मारला गेला, वय २१. त्यालाही नागरिकत्व मेल्यावरच. बरं, तेव्हा हे नागरिकत्व म्हणजे निव्वळ मानाचा कागद होता. त्याच्या आधारे आईवडिलांना, भावंडांना तिथे राहण्याचा कसलाही हक्क मिळत नसे. नातलगांसाठी कायदा बदलला तो नोव्हेंबर २००३ मध्ये. मग ऋण फेडलं ते कुणाचं?

आम्ही न्यू जर्सीत असताना शेजारच्या काकूंचा मुलगा ग्रीनकार्डावरच सैन्यात भरती झाला. सुखरूप परतला, आता दोन मुलांचा बाप आहे. पण तो तिकडे होता तेव्हा काकू एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, “नागरिक व्हायची परीक्षा त्याने द्यायची होती गं, आणि अभ्यास माझा चाललाय जीव मुठीत धरून.” गुतिएरेझच्या मागे तर अशी आईसुद्धा नव्हती, एक बहीण तेवढी होती. तिच्याबद्दल चार ओळी हव्या होत्या.